नासिका आणि लोलक

किर्यात गात, इस्रायल,
१४ नोव्हेंबर १९६३

प्रिय मलका,

शालोम. "शाळेची नोकरी कायम झाली का? झाली असेल तरच आईला सोफीताईकडे ठेवून मी निघायची तारीख पक्की करते," हा तुझा एकमेव प्रश्न एकवीस दिवस माझ्या मेजावर तिष्ठत पडला आहे. या अवधीत मी हे पत्र चार वेळा आरंभिले आणि चारही वेळा उठून खिडकी लावून आलो. खिडकी लावलेलीच होती. न्यूटनमहाशयांच्या प्रथम नियमानुसार बाह्य बल लागू झाल्याविना स्थिर पदार्थ हलत नाही. तुझा पती मात्र कोणत्याही बलाविना या दीड खोलीत अखंड भ्रमण करतो. विज्ञानाने याची दखल घ्यावयास हवी.

परवा मंगळवारी तपासनीस त्स्वी यांच्या समक्ष माझा नमुना पाठ झाला, तोही आपल्या लेकीच्याच वर्गात. विषय, ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम. माझगावच्या शाळेतला माझा तो प्रयोग तुला स्मरत असेल. तुळईला टांगलेले दहा शेरांचे लोखंडी वजन, जे मी सामानात घातले तेव्हा तू म्हणाली होतीस, "त्यापेक्षा माझा पाटा न्या, निदान वाटण तरी होईल." ते वजन मागे ओढून स्वतःच्या नाकाला टेकवायचे आणि केवळ सोडायचे, ढकलायचे नाही. मग निश्चल उभे राहायचे. उंचावरची स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते, पलीकडे चढताना पुनश्च स्थितिज. वाटेत हवा आपला अल्पसा वाटा खाते, म्हणून परतणारे वजन आरंभस्थानापलीकडे तिळभरही येऊ शकत नाही. सतरा वर्षे ही नासिका त्या सिद्धांताच्या साक्षीला उभी राहिली. मुले किंचाळत आणि मी ऋषितुल्य मंदस्मित करीत असे.

येथेही सर्व यथासांग चालले होते. हिब्रू वाक्ये मी किराणा दुकानदार झेएवकडून घोटून घेतली होती. त्यामुळे गुरुत्वाकर्षणाविषयी मी घासाघीस केल्यासारखा बोलतो, असे लेकीचे मत पडले. वजन सुटले, पलीकडे गेले, परतले. आणि मलका, मी मागे सरलो. एक पाऊल नव्हे, तीन. मागच्या बाकावरून कुणी ओरडले, "पाखदान!" म्हणजे भित्रा. वर्ग हास्यात बुडाला. निसर्गनियम भाषा पाहून बदलत नाहीत हे माझ्या बुद्धीला ठाऊक होते, नाकाला नव्हते. जो नियम मराठीत मी शपथेवर सांगितला असता, तो हिब्रूत उच्चारताना मला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

तेव्हा तिसऱ्या बाकावरून आपली कन्या उठली. मुंबईची जेमिमा येथे येऊन येमिमा झाली आहे, आणि रस्त्यात मी मराठीत हाक मारली की आपण या गृहस्थांना ओळखतच नाही अशी मुद्रा करते. "झूझ, अब्बा," म्हणजे सरक, एवढे म्हणून तिने मला बाजूला केले, वजन नाकाला लावले आणि सोडले. डोळे मिटले नाहीत. वजन गेले, आले, तिच्या नाकापासून दोन बोटांवर थबकले आणि माघारी फिरले. मग तिने सर्वांदेखत, स्वच्छ मराठीत मला विचारले, "पप्पा, तुम्हीच शिकवलंत ना मला? मग?"

त्स्वींनी चष्मा पुसला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, की मुलगी उत्तम शिकवते, आपण पुढल्या वर्षी पुन्हा यावे.

आता जे चार वेळा लिहिता आले नाही ते. नोकरी कायम झाली नाही, कारण नोकरी नव्हतीच. मंगळवारचा पाठ हा माझा या देशातला पहिला पाठ. दीड वर्ष तुला कळवलेले ते वर्ग, ती वात्रट मुले, खडूने पांढरा झालेला माझा कोट, सगळे मी रचलेले. पांढरा होतो तो कापसाने. मी जिनिंग कारखान्यात गासड्या ओढतो. काल तुझे पत्र येमिमाच्या हाती पडले आणि मी तुला काय काय लिहीत आलो हे तिला कळले. ती रागाने म्हणाली, "तुम्ही लिहा, नाहीतर मी लिहिते, हिब्रूत. मग आई वाचून घ्यायला सिनेगॉगमध्ये जाईल आणि सगळ्या भायखळ्याला कळेल." रात्रभर ती माझ्याशी कोणत्याच भाषेत बोलली नाही. पुढल्या वर्षी मी पुन्हा पाठ देईन, पण उत्तीर्ण होईन असे वचन देत नाही. मास्तराची बायको म्हणून यायचे असेल, तर येऊ नकोस, मलका. माझे हात फुटले आहेत, येमिमाला माझ्या हातचे जेवण आवडत नाही, आणि मी खोटे बोललो. हे सगळे ऐकूनही येशील का?

तुझाच,
हासाजी