रिचेल नऊला झोपली पाहिजे

६ ऑक्टोबर, सोमवार

वर्गात झोपली. बाकावरून खाली पडली. ओठ फाटला — दोन टाके! आणि टीचर मला फोनवर काय विचारते? "मॅडम, घरी झोप मिळते ना मुलीला?" नाही मिळत! रात्री साडेअकराला डोळे टक्क उघडे असतात तिचे. पाच वर्षांची पोर, सकाळी सहाला अंथरुणातून ओढून काढावी लागते.

पुन्हा वर्गात झोपली तर दिवाळीपर्यंत घरीच ठेवा म्हणे. मी वालीवच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर उभी, एका हातात टेप, कानाला फोन, समोर सुपरवायझर. रडू नाही आलं. संताप आला. घरी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं. टाके घालताना तिला सासूबाईंनी धरलं.

ठरलं. उद्यापासून नऊला दिवा बंद म्हणजे बंद.

७ ऑक्टोबर

फेबियनचा मोबाइल कपाटात, चावी माझ्या पर्समध्ये. "अगं, माझा मोबाइल आहे तो!" मग? नवरोबा बँकेतून सहाला येतात, पोरीच्या हातात मोबाइल देतात आणि स्वतः टीव्हीसमोर पसरतात. वर शहाणपण — "या वयात होतं असं." होतं!

तरी पावणेबारा वाजले. एकच गोष्ट तीनदा सांगितली. चौथ्यांदा सांगताना म्हणे मीच घोरायला लागले.

८ ऑक्टोबर

सापडलं! रोझरी!

सव्वाआठला घरी येते तर घराला कुलूप. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेचा महिना, मारियामातेची मूर्ती रोज एकेका घरी, आणि अख्खी आळी तिथे प्रार्थनेला, फेबियनसुद्धा. सासूबाई रिचेलला घेऊन जातात. आज मीही तशीच गेले. पाहते तर काय — माळेच्या पाच रहस्यांपैकी दुसरं संपायच्या आत बाईसाहेब आजीच्या मांडीवर गाढ! चणे-बिस्किटं वाटायला लागले तशी उठली, एकदम ताजीतवानी. अशी पोर नऊला झोपेल कशाला?

सासूबाईंना सांगून टाकलं, उद्यापासून ती येणार नाही. त्या कोळंबी सोलत होत्या. मान वर केली नाही. "पोरीला देवापासनं तोडतेस, ग्रेसी."

देवापासून नाही हो, चण्यांपासून!

९ ऑक्टोबर

आळीची रोझरी चालवते ती प्रिस्कामावशी. आज दूध आणायला गेले तर रोझरीहून परतताना तिने वाटेतच अडवलं. "काय गो, पोरगी नाय दिसली? बरी हाय ना?" म्हटलं, लवकर झोपवते हल्ली. "आमची पन झोपायची, माळ करून. कोनाचं काय वाईट झालं?" बाजूला दोघी उभ्या होत्या, त्या हसल्या. तुमच्या पोरांना कुठे साडेसातची व्हॅन पकडायची होती, असं तोंडावर आलं होतं. गिळलं. घरी येऊन पातेलं आपटलं.

नऊला दिवा बंद. अकराला अंधारातून आवाज — "मम्मी, तू डबा कोनाबरोबर खातेस?" "मम्मी, तुझ्या मशीनचा रंग कुठला?" "मम्मी, तुझी मैत्रीण कोन?" झोप! झोप म्हटलं ना! धपाटा घातला. ओठाला टाके तसेच आहेत आणि मी पोरीला धपाटा घातला.

१० ऑक्टोबर

सुजले होते डोळे. माझे. तिचे नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

ओव्हरटाइम. साडेनऊला पोचले तर रिचेल झोपलेली! सासूबाईंनी निजवलं. किती वेळ लागला विचारलं. "धा मिनिटं." काय केलंत? "काय करायचं? पाठीवर हात फिरवला." मीही फिरवते! तळहात झिजला माझा फिरवून फिरवून!

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवसभर घरी होते. चर्चमध्ये मिस्सा, मग बाजार, तिला न्हायला घातलं, दोघींनी मिळून करंज्यांचं सारण चाखलं. रात्री फेबियनला म्हटलं, आज तू झोपव, बघू. मी घड्याळ लावून बाहेर बसले. सात मिनिटं! हसत बाहेर आला. "तू सोडून सगळ्यांजवळ झोपते ती."

मी मोबाइलबद्दल बोलले, रोझरीबद्दल बोलले. तर म्हणतो, "जुलैपासून जागते ती. तेव्हा कुठे होती रोझरी?" जुलै! म्हणजे मी कामाला लागले तेव्हापासून. म्हणजे पोरगी मीच बिघडवली! मी काय हौसेने जाते वालीवला? पावणेसातला तिची वेणी घालून निघते, सव्वाआठला परत. याच्या एकट्याच्या पगारात भागलं असतं तर गेले असते का? पाठ करून झोपले. तो बोलत होता काहीतरी. ऐकलं नाही.

१३ ऑक्टोबर

हातावर स्टार घेऊन आली! वर्गात एकदाही डोळा लागला नाही, टीचर खूश. मी झोपवलं की टाके, दुसऱ्याने झोपवलं की स्टार. बरं! आई म्हणून मी नापास. एवढं कळलं की पुढचं सोपं आहे. उद्यापासून तिने आजीजवळ झोपायचं, मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही.

१४ ऑक्टोबर

तिची उशी आजीच्या खोलीत नेऊन ठेवली. तिने ती परत आणली. पुन्हा नेली, पुन्हा आणली. मी चिडून विचारलं, तिकडे लगेच झोप येते ना तुला? माझ्याजवळच का येत नाही?

म्हणाली, "येते. मी दाबून धरते. झोपले की लगेच सकाळ होते, आनि तू जातेस."