बांधावरची चाल

प्रिय संजूताई,

मावशीच्या पारूच्या हातून पाठवतोय, कारण तुझा मोबाईल दाजी बघतात. ते घरात असतील तर आत्ता ठेवून दे. नंतर वाच आणि वाचून झालं की गॅसवर धर.

मी सध्या खोपोलीत आहे. गोव्याचं हॉटेल सुटलं, मग टेंपोवर होतो, ते जाऊ दे. संध्याकाळी तायक्वांदो शिकतो. हसू नकोस. वर्गात सगळी शाळेतली पोरं आणि मधे मी घोडा. पहिल्याच दिवशी सरांनी एका बोटानं ढकललं आणि मी आडवा! म्हणाले, "बांधावर चालतोस काय रं? पाय फाक!" खरंच गं, गावी कडावला भाताच्या बांधांवर एका रेषेत पावलं टाकतच वाढलो ना आपण. जोरात ओरडायचं असतं, तर मी भातावरची पाखरं हाकलल्यासारखा ओरडलो. पोरं अजून मला हुर्रर्र म्हणतात.

गेलो होतो लाथा शिकायला. का, ते तुला कळलं असेल. पारूच्या हळदीत कासारीण बांगड्या भरत होती, तू हातच पुढे केला नाहीस. मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्या. आईनं बघितलं, मी बघितलं, आणि सगळे जेवायला बसलो.

सर आधी लाथ शिकवतच नाहीत. चॉन-जी हा पहिला पॅटर्न, म्हणजे ठरलेली पावलं. तो सुरू होतो अडवण्यापासून. डावीकडे वळायचं, येणारी लाथ हातानं खाली झाडायची, मगच ठोसा. एकदा पॅडवर मला दाजीच दिसले. मारत सुटलो. सरांनी बाजूला बसवलं. "रागाला इथं पट्टा मिळत नाय," म्हणाले.

आता शेवट ऐक. शेवटची पावलं मागं घ्यायची. तोंड पुढं, मूठ पुढं, पाय मागं, आणि निघालो त्याच जागेवर येऊन थांबायचं. तू आईला म्हणालीस ना, परत आले तर लोक म्हणतील हरून आली? ताई, इथं परत येण्यालाच मार्क आहेत.

येत्या रविवारी माझी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आहे. पण पारू म्हणाली, त्या दिवशी दाजींची सकाळपाळी आहे. पट्टा पुढच्या खेपेला. ते कामावर गेले की मी तुमच्या भिसेगावच्या रिक्षा स्टँडवर माझ्या मित्राचा, गजाचा टेंपो घेऊन उभा असेन. भांडायला येत नाही. तू फक्त खाली उतर. आईनं तुझी खोली झाडून ठेवलीय. दाजी मागं आलेच तर मधे मी आहे, आणि आता मी एका बोटानं पडत नाही.

वाट बघणारा, तुझाच
किशोर