क्लूनाऱ्यातलं आठवं घर

क्लूनारा, मेयो
भाऊबीज झाल्यावरचा सोमवार

प्रिय बापू,

यंदाच्या फराळाचे डबे रिकामे झाले. कुणी संपवले ते आधीच सांगते, म्हणजे तुला पुढचं वाचायची घाई होईल. सतरा आयरिश शेजारी आणि एक नायजेरियन पाद्री. पॅकी डर्कनच्या कवळीला चकली झेपेना, तेव्हा त्यानं कवळी काढून कोटाच्या खिशात ठेवली आणि चकली चहात बुडवून खाल्ली. बेसनाचे लाडू पाद्रीबाबांनी खाल्ले, सात. मी मोजले नाहीत, वस्तीतल्या ब्रीजनं मोजले. जूनमध्ये विमानतळावर तू मला एक प्रश्न विचारला होतास आणि मी बॅगेचं वजन, पासपोर्ट असलं काहीतरी बोलून तो टाळला होता. त्याचं उत्तर या फराळात आहे. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

तू इथं तीन आठवडे होतास, त्याची वस्तीत अजून आठवण निघते. समोरून येणारा प्रत्येक मोटारवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, म्हणून तू दोन दिवस मला विचारत होतास की आपल्या गाडीची डिकी उघडी राहिलीय का. तो नमस्कार आहे म्हटल्यावर तिसऱ्या दिवसापासून तूही हात वर करायला लागलास, तो थेट निवडून आलेल्या नगरसेवकासारखा. नोनी रुएननं चहा विचारला, तू नको म्हणालास, तिनं पुन्हा विचारलं, तू पुन्हा नको म्हणालास, तिसऱ्यांदा मुकाट्यानं घेतलास, आणि घरी येऊन म्हणालास की ही चौऱ्याऐंशी वर्षांची बाई आपल्या मिरजेच्या मावशीचीच बहीण दिसते. सगळं छान चाललं होतं, आणि मग तुझ्या औषधांचं पार्सल आलं. पार्सलवाल्याला घर सापडेना. फोनवर तो म्हणाला, मोरनचं घर का? तू म्हणालास नाही, मी म्हणाले हो. तिथं तुझं डोकं फिरलं. आधीच्या मालकाला, टॉमी मोरनला जाऊन सोळा वर्षं झाली, घर घेऊन तुम्हाला चौदा झाली, दाजींनी या भागातली निम्मी माणसं तपासली असतील, आणि घर अजून त्या मोरनचं? हे तू दिवसभर घोकत होतास. विमानतळावर तेच जरा मवाळ करून बोललास. ताई, इथं तुला सगळे ओळखतात, पण यांच्यात तू धरलेली नाहीस. उद्या काही झालं तर तुझं इथं कोण? आमचा वरचा मजला तुझ्यासाठी रिकामा ठेवलाय, दिवाळीपर्यंत सांग, नाहीतर भाडेकरू बघतो.

तुझा राग आला नाही, बापू. राग आला असता तर बरं झालं असतं. तू नेमकं दुखत्या जागी बोट ठेवलं होतंस आणि ते तुला माहीतही नव्हतं, कारण मी कधी सांगितलं नव्हतं. इथं वर्षातून दोनदा, वसंतात आणि ऑक्टोबरात, पाद्री वस्तीतल्या एका घरी येतो, तिथल्या जेवणाच्या टेबलावर पूजा मांडतो, सगळी वस्ती प्रार्थनेला जमते आणि नंतर खाणं होतं. याला स्टेशन म्हणतात. का म्हणतात ते मला आजवर कुणी धड सांगितलेलं नाही. प्रत्येक घराची पाळी लागते आणि ती ब्रीज लॉफ्टसच्या वहीत लिहिलेली असते. ब्रीज म्हणजे ती निवृत्त शाळामास्तरीण, जिनं तुला पावसाचे अकरा प्रकार समजावून सांगितले होते. वस्तीत घरं आठ, पण वहीत सात. पाळी पॅकीकडून निघाली की पुढचं फाटक माझं आणि त्यापुढचं नोनीचं. ती माझ्या फाटकावरून सरळ नोनीकडे जायची. बोलावणं मात्र मला प्रत्येक घरचं असे. मागच्या खुर्चीवर बसायचं, ॲपल टार्ट खायचं, बशा विसळू लागायच्या, घरी यायचं. दाजी म्हणायचे, आपला धर्म वेगळा, त्यात वाईट काय वाटायचंय. खरंच काही नव्हतं. पण दर वेळी परत आल्यावर माझ्याकडून फाटकाची कडी जरा जोरात लागायची. दाजी गेल्यावर तर फारच जोरात.

सप्टेंबरात नोनी पडली. ऑक्टोबरचं स्टेशन तिच्याकडे होतं, म्हणून महिनाभर आधीच खुर्चीवर चढून पडदे काढत होती. खुब्याचं हाड मोडलं. तिला दवाखान्यात भेटून आल्यावर ब्रीज, पॅकी आणि आणखी दोघीजणी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. स्टेशन आता कुणाकडे, यावर चर्चा. माझाच चहा पीत ब्रीजनं वही उघडली आणि एकेक घर घेतलं. एकीकडे मुलीची जुळी बाळं आलेली. एकीकडे ओटा उखडून ठेवलेला. एकजण नेमकी त्या आठवड्यात लान्झारोटी बेटावर उन्हात पडायला जाणार. पॅकीकडे वसंतात झालेलं, आणि त्यासाठी त्याच्या स्वयंपाकघरातून काय काय बाहेर काढावं लागलं होतं ते आठवून कुणी पुन्हा नाव काढेना. सगळी घरं झाली. मग सगळे आपापल्या कपात बघत राहिले. माझ्याकडे कुणी बघेना. आणि बापू, माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी किटली आदळली आणि म्हणाले, माझ्या घराला काय झालंय? भिंती नाहीत का त्याला?

ब्रीज कानापर्यंत लाल झाली. म्हणाली, अगं, तुझं कसं वेगळं असतं. तुला विचारलं असतं आणि तुला नको असून नाही म्हणता आलं नसतं, तर केवढी पंचाईत. म्हणून नाही विचारलं. मी म्हणाले, आणि मला वाटलं तुम्हाला चालायचं नाही, म्हणून मी कधी बोलावलं नाही. पॅकी कोपऱ्यातून म्हणाला, वा. चौदा वर्षं दोघीजणी दार धरून उभ्या आहेत, आधी तू, नाही नाही, आधी तू. आता कुणीतरी आत या, थंडी शिरतेय. सगळे हसले. मीही हसले, आणि मग भांड्यांच्या कपाटाकडे तोंड करून उगाचच कप शोधत राहिले.

आता खरी गंमत ऐक. स्टेशन म्हटलं की घर रंगवायचंच, हा इथला कायदा. पाद्री एका खोलीत तासभर बसणार, पण रंग सगळ्या घराला. मी फिकट पिवळा आणायचा ठरवला होता. दुसऱ्याच दिवशी पॅकी गोठ्यातले उरलेले डबे घेऊन हजर, हिरवा आणि तांबडा, मेयोच्या फुटबॉल संघाचे रंग. मी घरात फोनवर होते तेवढ्यात फाटक झालंसुद्धा. मी म्हटलं, पॅकी, हे काय केलंस. तर म्हणतो, हा संघ माझ्या जन्मापासून अंतिम सामने हरतोय, निदान फाटक तरी जिंकल्यासारखं दिसू दे. भिंती मात्र मी माझ्याच रंगाच्या करून घेतल्या. नोनी दवाखान्यातून फोनवर हुकूम सोडत होती. पडदे धू. जिन्याखालचं आवर. कपाटं आतून पूस, बायका पाणी प्यायच्या निमित्तानं उघडून बघतात, मी स्वतः बघते. दहा दिवस माणसं येत होती, घासत होती, माझ्या चहाला नावं ठेवत होती. बैठकीतलं मोठं कपाट सरकवताना त्याच्या खणातून एक पाकीट खाली पडलं. ब्रीजनं ते उचललं, वरचा पत्ता वाचला आणि परत खणात ठेवलं. त्याबद्दल शेवटी सांगते.

स्टेशनचा दिवस नेमका पाडव्याचा निघाला. फराळ केलेला होताच. सँडविचं आणि टार्ट बायकांनी आणले. ब्रीजनं हॅमच्या सँडविचांवर झाकण ठेवून वर चिठ्ठी लावली होती, हे वैजूसाठी नाही. आणि मी काय शहाणपणा केला सांगू? पाहुण्यांना अवघड वाटू नये म्हणून दुपारीच बैठकीतल्या फळीवरचे सगळे देव उतरवले. आईची अन्नपूर्णा, बाळकृष्ण, दाजींचा पितळी गणपती, सगळे टॉवेलात गुंडाळून झोपायच्या खोलीतल्या कपाटात. रिकाम्या फळीवर एक फुलदाणी ठेवली आणि स्वतःवर खूश झाले.

साडेपाचला पॅकीनं नोनीला जीपमधून आणलं. वॉकर टेकत ती आत आली, भिंतींवरून नजर फिरवली, ठीक आहे असं तोंड केलं, आणि फळीपाशी थांबली. सोंडवाला कुठाय? मी म्हटलं, नोनी, मला वाटलं आज तुमची प्रार्थना, उगाच कुणाला अवघड नको. ती म्हणाली, अगं पोरी, चौदा वर्षं मी त्याच्यासमोर बसून चहा पितेय. तो या घरचा आहे की नाही? घरच्या माणसाला कपाटात कोंडून पाहुणे बोलवायची रीत आहे का तुमच्याकडे? आमच्याकडे नाही. एकसष्ट वर्षांत मला असं कुणी झापलं नव्हतं. तेवढ्यात दोन स्वेटरांवर कोट घातलेले फादर एमेका आले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते. नोनीनं तोच प्रश्न त्यांच्यापुढे टाकला. ते हात चोळत म्हणाले, टेबल मी आजच्यापुरतं मागून घेतलंय. फळी घरमालकिणीची, तिथं माझं काय काम. मग मी आत जाऊन टॉवेल उघडला आणि सगळ्यांची क्षमा मागून एकेकाला जागेवर बसवलं. निरांजन लावलं. फुलदाणी न्हाणीघरात गेली.

प्रार्थना सुरू झाली. मी नेहमीच्या सवयीनं मागच्या खुर्चीकडे गेले, तर तिथं पॅकी बसलेला. ही जागा पाहुण्यांची आहे, म्हणाला, तू पुढं हो. पुढच्या खुर्चीवरून ती प्रार्थना मी पहिल्यांदा पाहिली. मधे एके ठिकाणी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात. फादरांनी कागद काढला. टॉमी मोरन, म्हणाले, आणि त्याची बायको डीलिया. सगळ्यांनी त्यांच्यासाठी दोन शब्द म्हटले. मग ते थांबले, कागद जरा डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश म्हणाले, आणि या घरचे डॉक्टर माधव. सगळी खोली एका आवाजात त्यांच्यासाठी बोलली, बापू. ब्रीजनं आठ दिवस आधी मला तो उच्चार तीनदा विचारला होता आणि मला वाटलं होतं, मास्तरीण आहे, सवय असेल. ते गेल्यापासूनच्या तीन वर्षांत मी लोकांसमोर रडले नव्हते. त्या दिवशी रडले, आणि कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची माया. नोनीनं फक्त स्वतःचा रुमाल माझ्या मांडीवर टाकला.

खाणं, चहा, पॅकीची कवळी हे सगळं वर सांगितलंच. निघायच्या आधी ब्रीजनं रिवाजाप्रमाणे वही उघडली. वसंतात नोनीकडे, तिनं जाहीर केलं. मग शेवटच्या पानावर सातव्या घराखाली आठवा आकडा घातला आणि माझं नाव लिहिलं. मोरन नव्हे. माझं. आठ घरं, वर्षाला दोन, म्हणजे चार वर्षांनी ऑक्टोबरात पुन्हा इथं. आणि परवा तो पार्सलवाला आला होता. रस्त्यात पॅकीला विचारत होता, मोरनचं घर हेच का? पॅकी म्हणाला, मोरन? तो कधीच गेला की. ते वैजूचं घर, फाटक दिसतंय ना, मी रंगवलंय. मी खिडकीशी उभी राहून शब्द न शब्द ऐकला आणि त्या दिवशी दोन वेळा चहा केला.

आता ते पाकीट. त्यावर तुझा पत्ता होता. ऑगस्टच्या शेवटी मी तुला लिहिलं होतं की तुझं बरोबर आहे, वरचा मजला कुणाला देऊ नकोस, मी येते. घर विकणारा एजंट येऊन वीस मिनिटं अंगणात उभा राहून गेला होता. पाकिटावर पोस्टाचं तिकीट लावायचं तेवढं राहिलं होतं. मला वाटलं कुणालाच माहीत नाही. नोनीनं परवा सांगितलं की त्या एजंटाची गाडी अख्ख्या वस्तीनं पाहिली होती. मला राहा म्हणायचं कुणाला धाडस होईना, कारण इथं असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. म्हणून तिनं दवाखान्यातल्या खाटेवरून सगळ्यांना माझ्याच स्वयंपाकघरात धाडलं होतं, वैजू कधीतरी किटली आदळेल, वाट बघा, असं सांगून. ते पाकीट मी काल शेगडीत घातलं. तेव्हा बापू, वरचा मजला खुशाल भाड्यानं दे, चांगला भाडेकरू बघ. शैलावहिनीला माझ्यावर रागावू देऊ नकोस, तिला पाद्रीबाबांच्या लाडवांचं सांग. आणि उद्या काही झालं तर तुझं कोण, हा तुझा प्रश्न मी विसरलेले नाही, पण उद्या काही होणार नाही. चार वर्षांनी माझी पाळी आहे, तोवर मला मरायला सवड नाही. त्या ऑक्टोबरात तू ये, दहा दिवस आधी ये, रंग द्यायचा आहे.

तुझीच, आणि आता इथलीही,
वैजूताई

ता. क. पुढच्या पाकिटावर मोरनचं नाव घालू नकोस. पोचायचं नाही.