सदरात सापडलेल्या बायका

३ मार्च १९८४
शनिवार, म्हणजे हँकसाहेबांचं सदर. आमच्या इथल्या आखाती पेपरचे संपादक, अमेरिकन. जग सोडून घरच्यांवर लिहितात, टाइप मी करते. आज त्यांच्या बायकोवर, डॉरिसबाईंवर. अरादच्या किल्ल्यामागे गाडी चिखलात रुतली, कोळ्यांनी ढकलली, बाई आत बसून सूचना देतायत वगैरे. ऑफिस खो खो हसलं. मग बाईंचा फोन. रिसीव्हरमधला आवाज केबिनबाहेर मला ऐकू.

५ मार्च
बाई स्वतः हजर. सोबत मुलगी केटी, तोंड फुगवून. तिचं पहिलं प्रेम मागे सदरात आलं, शाळेत पोरं अजून वाचून दाखवतात. बाई म्हणाल्या, "यापुढे आमच्यावर एक ओळ आली तर केटीला घेऊन अमेरिकेला जाईन. कायमची."
साहेब म्हणाले, "मग लिहू कशावर?"
"तेलावर लिही!" दार असं आपटलं की कॅलेंडर खाली.

८ मार्च
साहेबांनी खरंच तेलावर लिहिलं. टाइप करताना मला डुलकी. वाचून त्यांनीच फाडलं. मग, "मेरी, तुझा नवरा घरी काही गमतीदार करतो का?"
"नाही सर." (आंतोन! आणि गमतीदार नाही!)

१० मार्च
मेले मी. सदर या वेळी साहेबांनी स्वतः टाइप केलं, तेव्हाच शंका यायला हवी होती. आंतोन जुफैरच्या हॉटेलात बारवर असतो. साहेब तिथे जाऊन बसले आणि या बाबाने सगळं ओकलं. छापलंय: वसईची एक बाई, घरमालकाला वास जाऊ नये म्हणून सुके बोंबील नवऱ्याच्या लग्नाच्या सुटात गुंडाळून कपाटात ठेवते. आंतोन कात्रण खिशात घेऊन फिरतोय. "अगं, माझा सूट पेपरात आला!" संध्याकाळी घरमालक अबू खलील वर आले, हातात पेपर. "मॅडम, बोंबील मफी! खलास!" म्हणजे घरात बोंबील बंद.

११ मार्च
डॉरिसबाईंना फोन केला. मी रडायच्या आधीच त्या, "सुटाचं खरं आहे?" दोघी हसत सुटलो. संध्याकाळी घरी आल्या. मालक बाहेर, म्हणून बोंबील तळले. बाईंनी चार खाल्ले, डोळ्यांत पाणी. तिखटाचं असेल म्हटलं. मग म्हणाल्या, "घरी तो बोलतच नाही गं. त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे ते मला शनिवारी पेपरात कळतं."

१५ मार्च
साहेब कुवेतला. जाताना सदर देऊन गेले, खजुरावर. दुपारी डॉरिसबाई आल्या, नवऱ्यावर दोन पानं लिहून. "हे टाइप कर."
माझा व्हिसा ऑफिसचा. साहेब चिडले तर थेट वसई. आंतोन म्हणाला, नीट विचार कर. केला.
खजूर ड्रॉवरमध्ये. बाईंची पानं छपाईला.

१७ मार्च
सकाळपासून वाचकांचे फोन. बाईंनी लिहिलंय, नवरा जेवताना गप्प, काही विचारलं की "हं", पण बायको बोलली की तिचं वाक्य पटकन नॅपकिनवर टिपून घेतो. एकदा त्या नादात पेन्सिलीने सूप ढवळलं आणि चाटलीही. शेवटी: मला जेवायला नवरा हवाय, संपादक नको.
साहेब विमानतळावरून सरळ ऑफिसात. उभ्यानेच वाचलं.
"टाइप कोणी केलं?"
"मी, सर."
केबिनचं दार लावून घरी फोन लावला. आधी बोलत होते, मग बराच वेळ नुसते ऐकत. खुर्ची फिरवून आमच्याकडे पाठ केली. खांदे हलत होते. हसत होते की काय, काचेतून कळेना.
भर बाराला कोट उचलून बाहेर. "मी घरी जेवायला चाललोय." असं कधी झालेलं नाही. माझं काय, ते बोललेच नाहीत.
चार वाजले. अजून परत आलेले नाहीत.