जुनी फरशी फोडू देऊ नकोस

सूनबाई,

छकुली जन्मली त्या वर्षी तुझ्या सासूने मला याच खोलीत, फरशीवर खडूने, लिहायला शिकवलं. म्हणायची, "नात वाचायला लागेल आणि आजोबा अंगठाबहाद्दर, शोभतं का?"

फरशीवर लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायला माझी हरकत नाही. पायाला गार लागत नाही, लवकर बसतं, लाकडापेक्षा स्वस्तही पडतं. पण सांध्यात पाणी मुरलं की फुगतं, आणि खराब झालं तर घासून नवं करता येत नाही. म्हणून स्वयंपाकघरात नको. छकुलीलाही बजाव, पाण्याची बाटली लवंडायची नाही.

काल मिस्त्री जुनी फरशी फोडायची म्हणत होता. फोडू देऊ नकोस. मी दोरी ताणून पाहिली, फरशी सपाट आहे. वर फोम अंथरला की लॅमिनेट तिच्यावरच बसेल. ऐकलं नाही तर काम थांबव. मी धाकट्याकडे जातोय, ठोकाठोक मला ऐकवत नाही. चहा ठेवलाय, गरम करून घे.

लॅमिनेटच्या खाली काय आहे असं छकुलीने कधी विचारलं, तर तिला सगळं सांग. तिला आजी आठवत नाही. छकुली चालायला लागली त्या हिवाळ्यात, याच खोलीत, तिची आजी गेली.