मोठ्या विभागाला माझा कडक अर्ज

३ जून
ही वही माझी एकटीची. मी सांगते, नात लिहिते. मला अक्षर येत नाही, म्हणजे गुपित पक्कं. तरी कुणी चोरून वाचत असेलच, तर सूनबाई, चष्मा तुझ्या कपाळावर आहे आणि गॅसवर दूध ठेवून आली आहेस.
बातमी: शाळांचे सात छोटे विभाग मोडून एक मोठा करणार. आमची एकोणीस पोरांची शाळा बंद. नातीने दोन तासांवरच्या शाळेत जायचं, तिथेच होस्टेलवर राहायचं. मी घाबरलेले नाही. चहा सांडला, कारण कप गरम होता.

५ जून
पूर्वी विभागाचे साहेब दोन गल्ल्या पलीकडे बसायचे. शाळेचं छप्पर गळलं की मी त्यांच्या दारात ओरडायचे. दुपारी माणूस शिडी घेऊन हजर. आता मास्तर म्हणतात, नव्या साहेबांकडे तीनशे शाळा, अर्ज करा. शिवाय छोट्या विभागाला विज्ञानाच्या बाई कधी परवडल्या नाहीत, तेही खरं, म्हणे. हे मला नीट ऐकू आलं नाही.

६ जून
अर्ज सांगितला: पोरगी लहान आहे, भित्री आहे, आजीशिवाय राहत नाही. नातीने मान खाली घालून भराभर लिहिलं. मी अंगठा उठवला. साहेब हादरणार!

९ जून
होस्टेलच्या गावाला जाणारी सकाळची बस दारावरून गेली. कडी लावून घेतली. वारा फार.

१२ जून
मोठ्या विभागाच्या कचेरीत सुनावणी. अकरा खिडक्या, ओळखीचं तोंड एक नाही. दोनदा दाराशी जाऊन आले, चपला आहेत का बघायला. साहेबांनी अर्ज मोठ्याने वाचला: मुलीला विज्ञान शिकायचंय, आजीची पूर्ण संमती आहे, लवकर पाठवावं. खाली अंगठा माझाच. इतक्या समजूतदार आजी विरळाच, म्हणाले. नात छताकडे बघत होती. आता हेही तीच लिहितेय, कानापर्यंत लाल होऊन. मी रागावले नाही. येताना बसमध्ये तिचा हात तेवढा सोडला नाही.

१९ जून
आज मास्तर लिहिताहेत. मागची पानं वाचून दाखवू का, म्हणाले. नको म्हटलं. त्यात मी आणखी काय काय कबूल केलंय, कोण जाणे.
नात काल होस्टेलला गेली. रडत असेल म्हणून फोन केला. मागे पोरी खिदळत होत्या. म्हणाली, आजी, जेवणाची घंटा झाली, उद्या बोलू. घरात नळ ठिबकला तरी मी दचकते. मास्तर, हे लिहू नका.
सूनबाई, उद्याच्या बसने उकडलेली अंडी पाठव. सहा. नाही, खोलीत आठ जणी आहेत म्हणे, सोळा पाठव. मीठ वेगळं बांध.