सातव्या केसपेपरवरील "झोप ठीक" ही नोंद खोडून मिळण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, बाह्यरुग्ण विभाग.

विषय : मयत पत्नीच्या केसपेपरवरील चुकीची नोंद दुरुस्त होण्याबाबत, व त्यास लागून दोन विनंत्या.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ४ जून.
२) आपल्या कार्यालयाचे उत्तर, दि. २९ जुलै.

महोदय,

१. मी पुस्तकबांधणीचे काम करतो. आपल्या रुग्णालयाच्या नोंदवह्या गेली चौदा वर्षे आमच्या कारखान्यात शिवल्या जातात. आपल्या टेबलावर लाल पाठीची जाड वही असेल तर ती बहुधा माझ्या हातची आहे. माझ्या पत्नीने दि. १२ मार्च रोजी आत्महत्या केली. पहिल्या अर्जात मी "दुःखद निधन" असे लिहिले होते. त्यामुळे आपल्या कार्यालयाचा गैरसमज झाला असावा, म्हणून या वेळी सरळ लिहीत आहे.

२. आपल्या उत्तरात म्हटले आहे की, "सदर रुग्ण एकदाच आल्याचे दिसून येते. त्यानंतर रुग्णाने संपर्क ठेवला नाही." हे बरोबर नाही. ती आठ महिन्यांत अकरा वेळा आली. डोके दुखते म्हणून तीनदा, पोटासाठी दोनदा, छातीत धडधडते म्हणून दोनदा, मग पाठ, डोळे, हातापायांना मुंग्या, आणि शेवटी एकदा कशासाठी ते पुढे लिहितो. खिडकीवर प्रत्येक वेळी नवा केसपेपर मिळतो आणि त्यावर नवा क्रमांक पडतो. मागचा कागद कोणी मागत नाही. म्हणजे आपल्या दप्तरी त्या अकरा निरनिराळ्या बायका आहेत आणि प्रत्येक जण एकदाच येऊन गेली आहे. हे अकरा कागद मला कपाटात, तिच्या साड्यांखाली सापडले. ते तारखेप्रमाणे लावून, शिवून, पुठ्ठा घालून सोबत जोडले आहेत. सलग वाचायला पाच मिनिटे लागतात. वाचून पाहावे.

३. डॉक्टरांविरुद्ध माझी तक्रार नाही. ज्याच्यासमोर जे दुखणे आले त्याचे औषध त्याने दिले. चष्म्याचा नंबरसुद्धा अचूक होता. पण शिवलेली वही पाहिली तर सातव्या पानापर्यंत सहा जणांनी सहा वेळा "तपासणीत काही आढळले नाही" असे लिहिले आहे. हे सहा जण एका खोलीत कधी बसले नाहीत.

४. आता सातव्या पानाविषयी. त्या दिवशी छातीच्या धडधडीसाठी तीन नंबरच्या खोलीत गेलो होतो. पहिल्या दहाही वेळा मी बरोबर होतो. डॉक्टरांनी तिला विचारले, "झोप लागते का?" तिने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "लागते की, अगदी गाढ." मला कामावर परत जायचे होते. शिवाय मी आडवा झालो की झोपतो. ती झोपते की नाही हे मला झोपेतून कळणार कसे? तरीही मी सांगितले. रक्तदाब घेणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "काका, काकूंना बोलू द्या की." मी म्हणालो, "ती बोलायला लागली तर तुमचा दवाखाना संध्याकाळपर्यंत बंद व्हायचा नाही." सगळे हसले. तीही हसली. डॉक्टरांनी "झोप ठीक" लिहिले आणि आम्ही बाहेर आलो.

हे उत्तर रुग्णाचे नाही, माझे आहे. ते दुरुस्त व्हावे एवढीच माझी मूळ मागणी होती.

५. अकरावा कागद दि. १० मार्चचा आहे. त्या दिवशी ती एकटी आली. मला न सांगता आली. खिडकीवरचे कारकून मला नंतर भेटले. त्यांना ती आठवत होती. काय होतेय असे विचारल्यावर ती म्हणाली, "सांगता येत नाही." विभाग लिहिल्याशिवाय केसपेपर निघत नाही, म्हणून त्यांनी "सर्वसाधारण" लिहिले आणि तक्रारीच्या रकान्यात "अस्पष्ट". ती बाकावर बसून राहिली. साडेबाराला तपासणी बंद झाली. उरलेल्या सर्वांच्या कागदांवर "उद्या यावे" असा शिक्का पडला, तिच्याही पडला.

घरी आल्यावर तिने दवाखान्यात गेल्याचे सांगितले आणि गर्दी होती म्हणाली. मी म्हणालो, "उद्या रजा टाकतो. तुला काही बोलावं लागणार नाही, मी सांगतो डॉक्टरांना." ती म्हणाली, "राहू द्या." मला वाटले, माझी रजा वाचवते आहे.

६. वरील दुरुस्तीबाबत आपले कार्यालय कळवते की, नोंदीत बदल फक्त रुग्णाच्या स्वतःच्या अर्जावरून किंवा रुग्णाच्या लेखी संमतीने करता येतो. मी समक्ष येऊन सांगितले की रुग्ण हयात नाही. टेबलावरच्या बाईंनी मृत्यूचा दाखला मागितला, तो मी दिला. त्यांनी तो नीट वाचला आणि म्हणाल्या की यावर रुग्णाची सही नाही. त्यांनाही आपण काय बोललो ते लगेच कळले असावे, कारण त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. परंतु अर्ज परतच केला.

७. खुर्चीवर बसलो असताना समोर चौदा नंबरची खोली दिसली. मानसोपचार विभाग. दारासमोर मोडकी स्ट्रेचर उभी करून ठेवल्याने पाटी झाकली जाते. आम्ही जवळच्याच बाकावर दहा वेळा बसलो असू, ती पाटी मी वाचलेली नव्हती. आतल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारले की, जगणे नकोसे वाटते का असे माणसाला थेट विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरतो का. त्या म्हणाल्या, नाही. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. आणि विचारताना घरच्यांना बाहेर बसवावे. हे त्यांनी इतक्या साधेपणाने सांगितले की मला उठता येईना.

म्हणून दोन विनंत्या. एक, प्रत्येक रुग्णाला सुटा कागद न देता एक शिवलेली वही द्यावी. बत्तीस पानांचा नमुना सोबत आहे. शिलाई दोऱ्याची आहे, पाने सुटणार नाहीत. दुसरी, त्या वहीच्या पहिल्या पानावर छापावे की थोडा वेळ नातेवाइकाने बाहेर थांबावे, आणि त्या वेळात रुग्णाला सरळ विचारावे. स्ट्रेचर हलवण्यासाठी वेगळा अर्ज लागत असल्यास तसे कळवावे.

८. गेल्या मंगळवारी मी मुलीला घेऊन आलो होतो. ती एकोणीस वर्षांची आहे. आई गेल्यापासून तिचे डोके दुखते. खोली तीच, डॉक्टरही तेच. त्यांनी विचारले, "झोप लागते का?" मुलीने माझ्याकडे पाहिले, अगदी आईसारखे.

मी उठलो, बाहेर आलो आणि दार ओढून घेतले.

बाकावर मी पंचवीस मिनिटे बसलो. मागचे लोक कुरकुरत होते. एक गृहस्थ मला म्हणाले, तुमची पोरगी आत राहायला गेली काय. मी म्हणालो, राहू द्या. मग सिस्टरनी तिचा हात धरून तिला चौदा नंबरात नेले. आत काय बोलणे झाले ते मला माहीत नाही आणि मी विचारलेले नाही. तिला २१ तारीख दिली आहे. तिच्याही केसपेपरला नवा क्रमांक पडला आहे. तो एकच राहावा.

९. दुरुस्तीचा मजकूर मी तयार करून देत आहे, म्हणजे कार्यालयास त्रास नको. सातव्या पानावरील "झोप ठीक" हे शब्द खोडावेत आणि तेथे लिहावे : "उत्तर नवऱ्याने दिले. रुग्णाचे उत्तर घेतले नाही." रुग्णाच्या सहीच्या जागी माझी सही चालत नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. २१ तारखेला मुलीबरोबर येऊन मी चौदा नंबरच्या खोलीबाहेर बाकावर असेन. आत बोलावले तरी येणार नाही. दुरुस्त केलेला कागद बाहेर पाठवावा.

आपल्या नोंदवह्या शिवणारा,
(सही)
अकरा क्रमांकांच्या एका रुग्णाचा नवरा
दि. १६ सप्टेंबर

सहपत्रे :
१) केसपेपर, नग अकरा, एकत्र शिवलेले. (वाचून परत मिळावेत.)
२) कोऱ्या वहीचा नमुना.
३) मृत्यूचा दाखला.
४) रुग्णाची लेखी संमती : जोडता येत नाही.